ट्रेल वर का?

दिवाळी जवळ आली की दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या सोसायट्यांतून रात्री उशिरापर्यंत पत्ते चालतात. खेळ बहुधा एकच, तीन पत्ती. लक्ष्मी यावी म्हणून खेळायचे, असे सांगतात. याच शहरात १८४७ साली घरात जुगार चालवल्याबद्दल मिर्झा गालिबला तुरुंगात जावे लागले होते, हे त्या रात्री कोणाला आठवत नाही.

या बैठकींत हातांची उतरंड सगळ्यांना पाठ असते. सर्वांत वर ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते. मग प्युअर सिक्वेन्स, एकाच रंगाचे ओळीने तीन. त्याखाली साधा सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी, आणि काहीच न जमलेल्याचा मोठा पत्ता. असे का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले: जे क्वचित येते ते वरचे. उत्तर पटण्यासारखे आहे. मी एकदा कागद घेऊन मोजायला बसलो.

बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे हाती येऊ शकतात. त्यांत जोड्या ३,७४४, कलर १,०९६, सिक्वेन्स ७२०. इथवर उतरंड चोख आहे. पोकर शिकून आलेली मुले इथे थोडी अडखळतात, कारण पाच पत्त्यांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर असतो. तिथे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. तीन पत्त्यांत पारडे फिरते, म्हणून क्रमही फिरतो. पण वरच्या टोकाला हिशेब बिघडतो. प्युअर सिक्वेन्स ४८ आणि ट्रेल ५२. म्हणजे ट्रेल जास्त वेळा येते, तरीही तीच श्रेष्ठ! तीन एक्क्यांपुढे मान तुकवणाऱ्या मंडळींना हे सांगून पाहिले. कोणाला फरक पडला नाही.

याचे कारण गणितात नाही, इतिहासात आहे. तीन पत्तीचे मूळ ब्रॅग नावाच्या इंग्रजी खेळात मानतात. एडमंड हॉइलने त्यावर १७५१ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. जुन्या ब्रॅगमध्ये जमणारे हात दोनच होते, जोडी आणि तीन सारखे. ओळ आणि रंग यांचा हिशेब पुढे आला. नव्याने आलेल्यांना जोडीच्या वर जागा मिळाली, पण गादीवर आधीच बसलेल्या तिघांना कोणी उठवले नाही. खेळ समुद्र ओलांडून इकडे आला तेव्हा ही बैठकही जशीच्या तशी आली. थोडा बदल झाला तो एक्क्याबाबत. ब्रॅगमध्ये एक्का-दुर्री-तिर्री ही सर्वांत मोठी ओळ. दिल्लीत बहुतेक घरी तिच्यावर एक्का-राजा-राणी बसते आणि ती दुसरी येते. तरीही राजा-राणी-गुलामाला ती हरवते, आणि नवख्याला हे कधीच पटत नाही.

पोकरचीही कहाणी अशीच. अमेरिकेत सुरुवातीला तो वीस पत्त्यांवर खेळत, आणि त्यात सारख्या पत्त्यांचेच हात होते. बावन्न पत्ते आले तेव्हा रंग आला, ओळ त्याहून उशिरा आली, आणि तिला कुठे बसवायचे यावर बराच काळ वाद चालला. तिथे शेवटी मोजणीनुसार फेरबदल झाले. १९९४ मध्ये डेरेक वेबने कॅसिनोसाठी तीन पत्त्यांचे पोकर तयार केले, त्यात एका रंगाची ओळ तीन सारख्यांच्या वर आहे. कॅसिनोला प्रत्येक हाताचा भाव मोजूनच ठरवावा लागतो. आपल्या दिवाणखान्यात ती गरज कोणाला वाटली नाही.

इंग्रजी पत्त्यांच्या आधी इकडे गंजिफा होता. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला तो पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, आणि अबुल फजलने आईन-ए-अकबरीत अकबराच्या पत्त्यांचे वर्णन केले आहे. गंजिफात हात जमवायचा नसतो. एकेका पत्त्याचा दर्जा मोजायचा असतो. राजा, मग प्रधान, मग एक ते दहा. गंमत अशी की निम्म्या रंगांत दहा सर्वांत मोठा आणि उरलेल्या निम्म्यांत एक. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, आणि पाच रंगांत क्रम सरळ, पाचांत उलटा. दिवसा खेळलात तर राम पुढे, रात्री कृष्ण.

दिल्लीच्या बैठकीत रात्र चढली की कोणीतरी 'मुफलिस' पुकारतो. मुफलिस म्हणजे कफल्लक. त्या डावात सर्वांत हलका हात जिंकतो, आणि मघापासून तीन एक्के यावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस ते हाती येताच कपाळाला हात लावतो.