देणें आणि चालविणें

इंग्रजीच्या तासाला एकदां ग्रँट, कन्फर, बिस्टो, व्हेस्ट, एन्डाउ, असाइन आणि सीड हीं सात क्रियापदें मीं फळ्यावर एकाखालीं एक लिहिलीं. सत्ता, हक्क किंवा मालमत्ता दुसऱ्याच्या हातीं जाते तेव्हां इंग्रज यांपैकीं कोणतें तरी योजतो. मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, या सर्वांना मराठींत 'देणें' म्हटलें तर चालेल काय?" वर्ग हसला, मीहि हसलों. परंतु घरीं जातांना माझ्या मनांत घोळत राहिला तो त्याच्या प्रश्नांतील 'चालेल' हा शब्द. त्याला नकळत उत्तर त्याच्याच तोंडून निघालें होतें.

या इंग्रजी शब्दांचीं कुळें पाहिलीं तर प्रत्येकांत एकेक कृति दडलेली दिसते. व्हेस्ट म्हणजे मुळांत वस्त्र घालणें. मध्ययुगीन युरोपांत मांडलिकास जहागीर देण्याचा जो विधि होता, त्याचें इन्व्हेस्टिचर हें नांव याच धातूचें. बिस्टो म्हणजे जागीं नेऊन ठेवणें, असाइन म्हणजे खूण करणें, सीड म्हणजे मागें सरणें. ग्रँटच्या मुळाशीं विश्वास टाकण्याचा अर्थ आहे. वस्त्र एकदां अंगावर घातलें कीं कृति संपली. देणारा मोकळा आणि घेणारा मालक. इ. स. १८०२ च्या वसईच्या तहांत दुसऱ्या बाजीरावानें सव्वीस लक्षांचा मुलूख कंपनीस लावून दिला, तेथें असाइन आणि सीड हीं क्रियापदें जोडीनें घातलेलीं आहेत. एकानें काम भागलें नसतें असें नव्हे. पण दोरीला दोन गांठी मारण्याची वकिलांची संवयच असते.

असा एका क्षणांत पुरा होणारा व्यवहार आपल्याकडे नव्हता असें कोणी समजूं नये. हातावर उदक घालून 'न मम' म्हणणारा दाता त्या वस्तूवरील आपलें नातें तेव्हांच तोडी. आशेवर 'पाणी सोडलें' असें आपण अजून म्हणतों तें याच विधीवरून. परंतु मराठेशाहींतील इनामपत्रें वाचूं लागलें कीं निराळाच सूर ऐकूं येतो. 'इनाम करून दिल्हे असे' हें वाक्य तेथें येतें खरें, पण पत्र तेथें संपत नाहीं. तुम्ही व तुमचे पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें अनुभवून सुखरूप राहणें, असें इनामदारास सांगितलें जातें. गांवच्या मोकदमास निराळें पत्र जातें, देशमुख-देशपांड्यांस निराळें, आणि 'देशाधिकारी व लेखक वर्तमान भावी' यांस आणखी निराळें. भावी, म्हणजे जो कारकून अद्याप जन्मासहि आलेला नाहीं, त्यालाहि हुकूम आहे कीं हें चालवीत जावें, दरवर्षीं नव्या पत्राचा आक्षेप करूं नये, आणि नक्कल ठेवून अस्सल पत्र भोगवटियास परत द्यावें. सनदेचा सारा भार असा 'देणें' या क्रियापदावर नसून 'चालविणें' यावर असतो. दान एका दिवसाचें, चालविणें रोजचें. नवीं वतनें व वृत्ति देण्याविषयीं आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्य राजाला सावध करतात त्याचें मर्महि हेंच आहे.

'बहाल' हा शब्द पाहा. 'पदवी बहाल केली' असें वर्तमानपत्रांत आपण वाचतों आणि कांहीं नवें दिलें असें समजतों. फारसींत 'ब-हाल' म्हणजे आहे त्या स्थितींत. जुन्या कागदांत बहाल करणें म्हणजे पूर्वीचें पुन्हां सुरळीत चालूं करणें.

यांत एक गोम आहे, ती लपवण्यांत अर्थ नाहीं. जो चालवतो तो थांबवूंहि शकतो. देणाऱ्याचा हात वस्तूवरून पुरता कधींच निघत नाहीं. धनी बदलला कीं पुन्हां अर्ज, पुन्हां नजर, नाहीं तर जप्ती. जुन्या सनदांचें गोडवे गाणारे आमचे कांहीं मित्र हें सोयीस्करपणें विसरतात.

११ फेब्रुवारी १८१८ रोजीं एल्फिन्स्टननें साताऱ्यास जाहीरनामा काढून वतनें, इनामें व वर्षासनें यांचें रक्षण करण्याचें अभिवचन दिलें. लोकांनीं तें 'चालवूं' असें ऐकलें. पुढें इनाम कमिशन बसलें आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानें त्याला अधिकार मिळाले, तेव्हां प्रश्न आला तो ग्रँट या क्रियापदाचा : कोणीं दिलें, केव्हां दिलें, त्याला देण्याचा अधिकार होता काय? सनद नसेल तर इंग्रजी अंमलापूर्वीं साठ वर्षांची अखंड वहिवाट दाखवावी, आणि तीहि पिढ्यांच्या हिशेबानें. 'चालत आलें आहे' एवढेंच ज्याच्यापाशीं होतें त्याच्या उत्तराला त्या प्रश्नावलींत घरच नव्हतें. पेशव्यांचें दफ्तर या तपासणीसाठीं उपसलें गेलें, आणि ज्या इमारतींत तें पुण्यास ठेवलें तिला नांव पडलें एलियनेशन ऑफिस. आमच्या सनदांच्या घराला परकें करण्याची कचेरी म्हणावें, ही भाषेची थट्टाच होय; सरकारच्या दृष्टीनें मात्र तो सारा त्यानें गमावलेला महसूल होता.

इनामदारांचें दुःख बखरकारांनीं व वकिलांनीं लिहून ठेवलें. कुणब्याचें क्रियापद निराळें होतें : 'लिहून देणें'. नव्या जमाबंदीनें जमीन रयतेच्या नांवें लागली, वारसानें मिळणारी आणि दुसऱ्यास देतां येणारी झाली, आणि देतां येऊं लागली म्हणूनच सावकाराकडे जाऊंहि लागली. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं बाजारच्या दिवशीं रयत उठली तेव्हां तिचा रोख मुख्यतः वह्यांवर आणि खतांवर होता. धन्यापेक्षां कागदाचा राग अधिक. त्यानंतरच्या १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधीशास अधिकार दिला कीं खताच्या मागें जाऊन व्यवहार पहिल्यापासून कसा चालत आला तें पाहावें. इनामदारापुढें चालत आलेलें गौण आणि कागद प्रमाण, कुणब्याच्या वेळीं कागद गौण आणि चालत आलेलें प्रमाण! दोन्ही कायदे एकाच सरकारचे, मध्यें सत्तावीस वर्षें.

याच मुलखांत, सोलापूर रस्त्यावर चौफुला आणि पाटस यांच्यामध्यें, वरवंड आहे. जुन्या भीमथडीचा हा भाग आतां दौंड तालुक्यांत आहे. तेथील एका स्नेह्यानें मला आपला सात-बारा दाखवला. त्याचे आजोबा कूळ होते. १९४८ च्या कूळकायद्याखालीं १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं जमीन त्यांची झाली. "दिली कोणीं म्हणावें?" असें त्यानें विचारलें. सरकारनें दिली नाहीं, मालकानें दिली नाहीं. कुळानें ती खरेदी केली असें मानलें जाईल, एवढेंच कायद्याचें म्हणणें. मराठींत याला 'मानीव खरेदी' म्हणतात, आणि व्हेस्टसाठीं कायद्याच्या भाषेनें 'निहित होणें' असा शब्द घडवला आहे, तो वरवंडांत कोणाच्या तोंडीं मीं ऐकला नाहीं. ते '३२ ग' म्हणतात. त्या कलमाखालीं किंमत ठरली, हप्ते भरले आणि दाखला मिळाला.

सात-बाऱ्यावर मात्र आजोबांच्या जागीं आतां नातवाचें नांव आहे, आणि वर रकान्याचें शीर्षक आहे 'भोगवटादार'. ऑक्युपंट या इंग्रजी शब्दाचें तें भाषांतर म्हणून आलें असेल. पण अस्सल पत्र भोगवटियास परत द्यावें, असें पेशव्यांचा कारकून लिहीत होता त्यांतला शब्द हाच.