प्रवासवर्णनातला विनोद आणि त्याचे वाचक



एकच विनोदी प्रवासवर्णन एकाला पोट धरून हसवते आणि दुसऱ्याच्या कपाळावर आठी आणते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. असे झाले की आपण म्हणतो, "त्याला विनोद कळत नाही." माझ्या मते हे उत्तर आळशीपणाचे आहे. वाचक प्रवासवर्णन उघडतो तेव्हा त्या प्रवासात तो कोठे तरी आपली जागा धरतो. कोणी प्रवाशाच्या शेजारी बसतो, कोणी त्याला निरोप द्यायला धक्क्यावर उभा राहतो, तर कोणी त्याचे सामान डोक्यावर घेतो. ही जागा कोणती, यावर हसू येणार की नाही हे पुष्कळदा ठरते. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासातून हे स्पष्ट करता येईल.

सुरुवात आपल्या जवळच्या पेण तालुक्यातूनच करू. वरसईचे विष्णुभट गोडसे हे कर्जाने गांजलेले भिक्षुक. १८५७ साली ते आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा वाटणार, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. दक्षिणेसाठी निघालेल्या या गृहस्थाच्या पदरी पडले ते बंड! झाशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळवलेले द्रव्य लुटले गेले आणि घरी पोचली ती गंगाजलाची कावड. भटजींनी विनोद करायचा म्हणून हे लिहिलेले नाही. तरीही हिशेब आणि नशीब यांच्या या झटापटीत वाचकाच्या ओठावर हसू येते, आणि पुढच्याच पानावर ते विरते.

'माझा प्रवास' हे पुस्तक लेखकाच्या पश्चात, १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केले. त्यांनी भाषेवर आणि मजकुरावर संस्कार केले होते. मूळ हस्तलिखितास धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. म्हणजे एकाच प्रवासाची दोन पुस्तके आपल्यापुढे आहेत. ज्याला घोटीव वाचन हवे त्याने वैद्यांचे घ्यावे, ज्याला भटजींचा स्वतःचा आवाज हवा त्याने पोतदारांचे. रुचिभेद हा आजचा नाही.

एकोणिसाव्या शतकात परदेशी जाणारा मराठी माणूस हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९ साली निघाले. तेथील राज्यव्यवस्था, शाळा, स्त्रियांची स्थिती, सारे त्यात बारकाईने आले आहे. त्या काळी समुद्र ओलांडणाऱ्याला परतल्यावर समाजापुढे उत्तर द्यावे लागे. काय पाहिले, काय शिकलास, आपल्या उपयोगाचे काय आणलेस? अशा साक्षीदाराने थट्टा केली असती तर ती कोणाला खपली नसती. "प्रवासवर्णनातून माहिती मिळालीच पाहिजे" असे म्हणणारा आजचा वाचक याच परंपरेचा वारस आहे. मीना प्रभूंचे 'माझं लंडन' हाती घेऊन तो तृप्त होतो. त्याला रुक्ष म्हणून हिणवू नये.

मग १९६० साली पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' आली आणि पाठोपाठ १९६३ साली 'पूर्वरंग'. पु. ल. बी.बी.सी.त दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यासाठी विलायतेस गेले होते. त्यांच्या पुस्तकाने प्रवाशाची जागाच बदलली. साहेबाच्या देशात गोंधळणारा, घरच्या जेवणाची आठवण काढणारा मराठी मध्यमवर्गीय हाच हसण्याचा विषय झाला. काळही लक्षात घ्या. १९५७ नंतर परकीय चलनाची टंचाई तीव्र झाली होती आणि परदेशगमन ही मूठभरांची गोष्ट होती. बाकीचा वाचक धक्क्यावर उभा होता. लेखकाने आपल्या फजितीचे वर्णन करून या वाचकाला बोटीवर ओढून घेतले. "गेलो असतो तर माझेही असेच झाले असते," या समाधानात त्या हास्याचे रहस्य आहे.

परंतु पुढच्याच वर्षी, १९६१ साली, आणखी एक मराठी माणूस परदेशी गेला. त्याचे नाव अण्णाभाऊ साठे. वाटेगावाहून लहानपणी पायी मुंबई गाठणारा आणि गिरणीत राबणारा हा शाहीर सोव्हिएत रशियात गेला. त्याने 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. हे पुस्तक विनोदी म्हणून ओळखले जात नाही. पण चिरागनगरच्या झोपडपट्टीतला माणूस मॉस्कोत पाहुणा म्हणून मिरवतो, या घटनेतच एक मिस्कील आनंद आहे. त्या आनंदाची चव ज्याने पाहुणचार क्वचितच पाहिला त्याला अधिक कळते.

आमच्या कामगार वाचनालयात या दोन पुस्तकांवरून एकदा चांगलीच जुंपली. एका सभासदाने ठराव आणला की विनोदी प्रवासवर्णने ही पांढरपेशांची चैन असून वर्गणीचा पैसा त्यावर खर्चू नये. "परदेशात वरणभात मिळाला नाही हे यांचे दुःख. आमच्या घरी तो महिनाअखेरीस मिळत नाही, त्यावर कोण हसतो?" असा त्याचा सवाल होता. सभा गप्प झाली. मग रात्रपाळीचा एक फिटर उठला. म्हणाला, "माझी बायको दुखण्यात होती तेव्हा मी तिला 'अपूर्वाई' वाचून दाखवली. ती हसली. वर्गणी माझीही आहे." ठराव मतास टाकला नाही. त्याऐवजी दोन्ही पुस्तके एका कपाटात, एका फळीवर ठेवली.

मी दोघांनाही खरे मानतो. पहिला प्रश्न विचारतो की हसू कोणाच्या जिवावर आहे. दुसरा सांगतो की हसू हीसुद्धा माणसाची गरज आहे. हे दोन्ही सांभाळता येते का? येते, असे एका परक्या लेखकाने मुंबईविषयी लिहून दाखवले.

मार्क ट्वेन हा अमेरिकेचा विनोदाचा राजा. कर्ज फेडण्यासाठी जगभर व्याख्याने देत तो १८९६ च्या जानेवारीत मुंबईला आला. १८९७ साली निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मुंबईची रंगीबेरंगी, खुसखुशीत वर्णने आहेत. पण हॉटेलात एक गोरा माणूस नोकराला कारण न सांगता फटका मारतो, आणि तो नोकर मुकाट्याने सोसतो, तेथे ट्वेनचा विनोद थांबतो. त्याला आपले गुलामगिरीच्या मुलुखातले बालपण आठवते. कोठे हसू नये हे ज्याला समजले, त्याच्या हसण्यावर वाचकाचा विश्वास बसतो.

कडावच्या माणसाला हे दुरून समजून घ्यायला नको. आपल्याच तालुक्यात माथेरान आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तेथे चढले, १९०७ साली नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. त्याआधी हवा खायला येणारी मंडळी घोड्यावरून किंवा पालखीतून डोंगर चढत. पालखी म्हटली की खांदे आलेच. पुढे माणसाने ओढायची रिक्षा आली. ती बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ साली! इतकी वर्षे सहलीच्या गमती सांगताना हमालाशी घासाघीस आणि घोडेवाल्याची फजिती हा आपला ठरलेला मसाला. आज त्या हमालाचा नातू शाळा शिकला आहे, वाचनालयात बसतो आहे. त्या पानावर तो हसला नाही तर त्याची रुची कच्ची म्हणायची काय? तो त्या रिक्षाच्या दांड्याकडून वाचतो आहे, इतकेच.

याचा अर्थ ती पाने फाडावीत असा नव्हे. रुचीवर बहुमताने निर्णय होत नसतो आणि बंदीने वाचक घडत नसतो. माझी विनंती एवढीच की, वाचनालयाच्या चालकांनी फळीवर सर्व तऱ्हेची प्रवासवर्णने ठेवावीत. माहितीची ठेवावीत, फजितीची ठेवावीत आणि झोपडीतून निघालेल्याचीही ठेवावीत. शेजारचा सभासद आपल्या आवडत्या पानावर हसला नाही, तर त्याला विनोदाचे धडे देऊ नयेत. तो प्रवासात कोठे बसला होता हे विचारावे. तो जे सांगेल तेही एक प्रवासवर्णनच असेल, आणि कदाचित अद्याप कोणी न लिहिलेले.