किल्लारीचा भूकंप आणि आपली घरे



आपले रिद्धपूर फार जुने. गोविंदप्रभूंचे हे गाव. लीळाचरित्र येथेच लिहिले गेले, महदंबेचे धवळेही येथलेच. जुन्या गावात मातीची घरेही पुष्कळ. म्हणून मंडळाच्या वर्धापनदिनी घराच्याच संबंधाने चार शब्द लिहिते.

ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे झोपेत होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी गावे क्षणात जमीनदोस्त झाली. आठ-दहा हजार जीव गेले. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. आम्ही मुलींनी घरोघर फिरून ज्वारी आणि लुगडी गोळा केली होती.

कोयनेचा १९६७ सालचा भूकंप याहून थोडा मोठाच होता. पण माणसे किल्लारीकडे कितीतरी जास्त गेली. असे का व्हावे? तिकडच्या भिंती दोन-दोन फूट जाड, पण दगड मातीत बसवलेले. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये कपच्या आणि माती. दोहोंना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवदाचे ओझे. आपण त्याला धाब्याचे घर म्हणतो. गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्याआधी वर मातीचा थर द्यायचा; असे थर फूट-दोन फूट चढतात. जमीन हलली तशी भिंत फुगून फाटली आणि ती सारी माती निजलेल्यांवर आली. जेथे छत लाकडी खांबांवर पेललेले होते, तेथे भिंत पडूनही पुष्कळ ठिकाणी छत टिकले. कुडाच्या झोपड्यांतली माणसेही वाचली. धनिकाची जाड भिंत मात्र घात करून गेली.

पुढे काही गावे नव्या जागी वसली, आणि हजारो घरांची डागडुजी झाली. त्या कामात सरकारने 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेची मदत घेतली आणि गावोगावच्या महिला मंडळांतील बायांना 'संवाद सहायक' नेमले. ज्या बाया कधी चावडीवर गेल्या नव्हत्या, त्या भिंतीत आरपार दगड बसला की नाही, वरची माती उतरली की नाही, हे उभे राहून पाहू लागल्या. मला या साऱ्या हकिकतीत हेच मोठे वाटते.

आपल्याकडे कुठला आला भूकंप, असे कोणी म्हणेल. किल्लारीचा भाग त्या काळच्या सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. सातपुड्यापलीकडे जबलपूरलाही १९९७ च्या मे महिन्यात धरणी हादरली.

तेव्हा बायांनो, धाब्यावर नवा थर देण्याआधी जुनी माती उतरवावी. भिंतीला पोट सुटले असेल तर जाणत्या गवंड्याला दाखवावे. घर आपण सारवतो, तर त्याची भिंतही आपणच पाहावी. मंडळाने यंदा हे काम गल्लीगल्लीने हाती घ्यावे, एवढी माझी विनंती.