मुद्देमाल जपला पाहिजे

जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही वस्तुसंग्रहालयात जा. तलवारी, ढाली, पितळी समया, दगडी मूर्ती असे बरेच काही दिसेल. म्यानाचे चामडे कोणी कमावले, ढालीचे कातडे कोणी शिवले, हे मात्र खालच्या पाटीवर सहसा नसते. संग्रहालय हे इतिहासाचे साधन आहे, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तेव्हा या साधनाचीही चिकित्सा झाली पाहिजे.

वस्तूचे मोल ठरवताना धातू कोणता, वय किती आणि मालक कोण, हे तीन प्रश्न प्रथम विचारले जातात. या तिन्हींत श्रमाला जागा नाही. शिवाय दगड आणि धातू टिकतात. कातडे, बांबू, घोंगडी, कच्ची माती नासते. म्हणून कष्टकऱ्यांच्या वस्तू उरल्या नाहीत, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळाला फुटकी भांडी, प्रेताची वस्त्रे आणि लोखंडी दागिने नेमून दिले. आमच्या मागे काय उरावे, याची निवड वाळवीच्या आधी धर्मशास्त्राने केली होती. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली, ती उगीच नव्हे.

पण प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या घरातली आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांतले देव्हारे रिकामे झाले. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले. येसकराची घुंगराची काठी, मेलेली गुरे ओढण्याचा दोर, सणासुदीला वाजवावी लागणारी हलगी लोकांनी टाकून दिली. ते टाकणे हीच क्रांती होती. त्याबद्दल कोणी हळहळू नये. मात्र ज्या घरांत या वस्तू अजून माळ्यावर पडून आहेत, त्यांचे काय करायचे? काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, गुलामीची खूण जाळून टाका. त्यांचा संताप खरा आहे. पण खटला अजून निकाली निघालेला नाही. गावात शिवाशीव कधी नव्हतीच, असे सांगणारे आजही भेटतात. त्यांच्यापुढे ठेवायला पुरावा हवा. ती काठी अभिमानाने मिरवायची नाही. ती मुद्देमाल म्हणून जपायची.

हलगर्जीपणाची किंमत आपण मोजली आहे. १९६७ च्या जानेवारीत दिल्लीच्या २६ अलिपूर रोडवरील घरातून बाबासाहेबांचे कागद अंगणात टाकले गेले आणि त्यांतले कितीतरी पावसात नष्ट झाले, हे नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाची चरित्र साधने प्रकाशन समिती त्यानंतर, १९७६ साली आली. वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. रत्तूंकडून मिळालेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू वामनराव गोडबोले यांनी नागपूरजवळच्या चिचोलीत जपल्या. कार्यकर्त्याच्या निष्ठेमुळे त्या राहिल्या.

निष्ठेला शिस्तीची जोड हवी. जुन्या कातड्याला तेल चोळू नये. फाटक्या पत्रकाला चिकटपट्टी लावू नये, त्याचे लॅमिनेशन करू नये. वस्तू उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवावी, धूळ मऊ ब्रशने झाडावी, कागद आम्लविरहित कागदात गुंडाळावा. वस्तूला रंग देऊन नवी करू नये. तिची झीज हीच तिची साक्ष आहे. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधावी.

सर्वांत महत्त्वाची नोंदवही. वस्तू कोणी केली, कोणी वापरली, कोणाच्या सक्तीने वापरली, ती कधी आणि का सोडली, हे देणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. देणाऱ्याची संमती घ्यावी आणि तो म्हणेल तर नाव झाकावे. ही माहिती नसेल तर काठी ही नुसती काठी राहते, आणि उद्या कोणी तिच्याखाली ‘ग्रामीण लोककला’ अशी पाटी लावून मोकळा होईल.

शिक्षकांनी या सुट्टीत दहा-दहा विद्यार्थी घेऊन आपापल्या वस्तीत ही नोंद सुरू करावी. इमारतीची वाट पाहू नये. एक कोरडे कपाट आणि एक वही पुरेशी आहे. वतनाच्या गोष्टी ऐकलेली म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत. वस्तू आणखी काही वर्षे टिकेल, पण तिच्याबद्दल बोलणारा माणूस तितका थांबणार नाही.