शुक्राची रात्रदीप्ती धगीची नव्हे

अवरक्त म्हणजे उष्णता, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की शुक्राच्या रात्रीच्या बाजूला १.२७ मायक्रॉन तरंगलांबीवर दिसणारे तेज म्हणजे त्या तापलेल्या ग्रहाची धगच, असे बिनदिक्कत लिहिले जाते. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. शुक्राचा पृष्ठभाग सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापलेला आहे आणि खालच्या हवेची उष्णता १.७४ व २.३ मायक्रॉनच्या आसपास ढगांतून खरोखरच बाहेर झिरपते. खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन आणि क्रॉफर्ड यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला रात्रीचा उजेड याच जातीचा होता. १.२७ला लागूनही अशीच एक वाट आहे, त्यामुळे घोटाळा होतो.

पण हे तेज येते कुठून? व्हीनस एक्सप्रेस यानाने ग्रहाच्या कडेवर नजर लावली, तेव्हा ते ढगांच्याही वर, साधारण ९६ किलोमीटरवर, एका पातळ थरात एकवटलेले दिसले. तिथले तापमान शून्याखाली शंभर अंशांच्या घरात असते. एवढा गार वायू उष्णतेपायी १.२७ मायक्रॉनवर नाव घेण्याजोगे काहीच उत्सर्जित करू शकत नाही.

खरे कारण रासायनिक आहे. दिवसाच्या बाजूला सूर्याचे अतिनील किरण कार्बन डायऑक्साइड फोडतात. सुटे झालेले ऑक्सिजनचे अणू वाऱ्याबरोबर रात्रीच्या बाजूला जातात आणि खाली उतरताना, तिसऱ्या कणाच्या साक्षीने, जोडीजोडीने एकत्र येतात. नवा रेणू उत्तेजित अवस्थेत जन्मतो. कुणाशी टक्कर होऊन ऊर्जा गमावली नाही, तर तो तासाभराहून अधिक काळ तसाच राहू शकतो आणि मग १.२७ मायक्रॉनचा किरण सोडून शांत होतो. या रेणूच्या रेषा पियेर कॉन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच शुक्राच्या वर्णपटात ओळखल्या होत्या.

कुणी म्हणेल, ही दिवसाची उरलेली ऊब असेल. तसे असते तर तेज सांजेला सर्वाधिक असते आणि पहाटेपर्यंत ओसरत गेले असते. सरासरी नकाशात ते सर्वाधिक दिसते विषुववृत्ताजवळ, मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे हवा जिथे खाली उतरते तिथे. उतरणारी हवा दाबली जाऊन थोडी तापते, हे मान्य. पण दहा-वीस अंशांच्या वाढीनेही हे तेज उजळत नाही.

आणि मंगळावर पाहा. मार्स एक्सप्रेस यानाला हीच दीप्ती तिथल्या ध्रुवीय हिवाळी रात्रीत सापडली, जिथे जमिनीवर कार्बन डायऑक्साइडचाच बर्फ साचलेला असतो.