लाकूड, पारितोषिक आणि सुताराचे नाव

गेल्या वर्षी विसर्जनानंतर मंडळाची हिशेबाची बैठक झाली, तेव्हा एक सूचना पुढे आली. पुढच्या गणेशोत्सवात सभासदांच्या घरांतील जुन्या लाकडी वस्तूंचे प्रदर्शन भरवावे, परीक्षक नेमावेत आणि उत्तम वस्तूंना पारितोषिके द्यावीत. सूचना सर्वांना आवडली. आम्ही सरकारी नोकरीत, त्यात तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेले, म्हणून नियमावली आणि अर्जाचा नमुना तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही रकाने आखले : वस्तूचे नाव, मालकाचे नाव, अंदाजे वय, लाकडाची जात. नमुना वाचून दाखवला, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारले, "अहो, पण करणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं?"

तो रकाना आम्ही ठेवलाच नव्हता. त्या प्रश्नाने आम्हाला अशा प्रदर्शनांचा इतिहास वाचायला लावले. वाचताना कळले की ही चूक आमच्या एकट्याची नाही. मोठमोठ्या प्रदर्शनांतही ती पूर्वापार होत आली आहे.

आपल्या गावापासूनच सुरुवात करू. नालछा म्हणजे जुने नलकच्छपुर. तेराव्या शतकात पंडित आशाधर इथे अनेक वर्षे राहिले आणि इथल्या नेमिनाथ चैत्यालयात त्यांनी ग्रंथ रचले. ग्रंथाच्या शेवटी प्रशस्ती लिहिण्याची तेव्हा रीत होती. तीत ग्रंथकार आपले नाव, कुळ, गाव आणि राजा यांची नोंद करी. त्यामुळे आठशे वर्षांनंतरही आपण आशाधरांना नावाने ओळखतो. मात्र ते ज्या चौरंगावर पोथी ठेवत असतील, तो घडवणाऱ्याची कुठलीही प्रशस्ती नाही. लाकूड कुजते, त्याला वाळवी लागते, ते जळते. त्याच्याबरोबर घडवणाऱ्याची आठवणही जाते.

अठराव्या शतकात पवारांबरोबर आपली मराठी घराणी धार आणि देवासला आली, होळकरांबरोबर इंदूरला आली. ती येताना घर बांधण्याची आपली पद्धतही घेऊन आली : चौक, ओसरी, माजघर, खांब, तुळया, कडीपाट. इथल्या जंगलात सागवान होते आणि इथल्या सुतारांच्या हातात कसब होते. इंदूरचा राजवाडा सात मजली. त्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या दंगलीत त्याला आग लागली आणि त्या लाकडी कामाचे अतोनात नुकसान झाले. तो कोणत्या होळकरांच्या काळात उभा राहिला, हे शाळेतले मूलही सांगेल. तुळया कोणी चढवल्या, हे विचारले तर मोठ्यांनाही उत्तर देता येणार नाही.

आता परीक्षक आणि पदके यांच्याकडे वळू. वस्तूंचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गाला परीक्षक मंडळ नेमायचे आणि पदके द्यायची, ही पद्धत 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनाने जगभर रूढ केली. तिथे तीस वर्ग होते आणि फर्निचरचा वर्ग स्वतंत्र होता. सर्वोच्च पदके सुमारे 170 आणि त्याखालची सुमारे 2900 दिली गेली. हिंदुस्थानच्या वस्तू गोळा करून मांडल्या त्या ईस्ट इंडिया कंपनीने. साहजिकच पाटीवर नाव आले ते पाठवणाऱ्याचे. पटाशी चालवणारा हात समुद्रापलीकडे राहिला.

1886 साली लंडनमध्येच वसाहती आणि हिंदुस्थान यांचे मोठे प्रदर्शन भरले. या वेळी तीसहून अधिक कारागीर तिथे नेऊन लोकांसमोर कामाला बसवले होते. त्यांतले बरेच जण आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते, ही गोष्ट पाहायला येणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असेल. याच प्रदर्शनासाठी पंजाबातील भेरा गावच्या मुहम्मद बक्ष आणि मुहम्मद जुमा या दोघांनी एक संपूर्ण दरबार हॉल लाकडात कोरला. प्रदर्शन संपल्यावर लॉर्ड ब्रॅसी यांनी तो विकत घेऊन आपल्या घरात बसवला. पुढे तो हेस्टिंग्जच्या संग्रहालयात गेला आणि आजही तिथे आहे. या दोघांची नावे टिकली, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली. त्यांच्याइतकेच कसबी किती तरी सुतार केवळ नोंदीअभावी विसरले गेले असतील.

परीक्षकांपुढे आणखी एक अडचण होती. उत्तम लाकूडकाम कशाला म्हणायचे? मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी फर्निचरचा मोठा व्यापार होता. खुर्च्या, सोफे, गोल मेजे, सगळीकडे दाट कोरीव काम. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईत भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर संग्रहालयासाठी झटलेले जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 साली हिंदुस्थानच्या कारागिरीवर ग्रंथ लिहिला. शिसवी फर्निचरची घडण डचांकडून आलेली, इथली नव्हे, अशी त्यांची तक्रार होती.

हीच तक्रार पुढे दिल्लीत नियम बनली. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या दरबाराला जोडून कुदसिया बागेत कलाप्रदर्शन भरले. लॉर्ड कर्झन यांनी 30 डिसेंबर 1902 रोजी त्याचे उद्घाटन केले. व्यवस्था सर जॉर्ज वॅट यांच्याकडे होती आणि त्यांना मदत पर्सी ब्राउन यांची. कर्झन यांच्या अटी स्पष्ट होत्या : फक्त कलेच्या वस्तू, त्यांत युरोपीय किंवा अर्धयुरोपीय काही नको, आणि असेल ते उत्तमच. राजेरजवाडे आपले महाल लंडनच्या बाजारू फर्निचरने भरतात, असे त्यांनी उद्घाटनाच्या भाषणात तोंडावरच सुनावले. वस्तूंचे दहा वर्ग पाडले होते. त्यांतला चौथा लाकडाचा. राजांच्या जामदारखान्यांतून आणि संग्रहालयांतून मागवलेल्या जुन्या वस्तूंचे वेगळे दालन होते, म्हणजे नव्याची जुन्याशी तुलना व्हावी. बडोद्याचा मोत्यांचा गालिचा तिथेच झळकला. परीक्षक मंडळाने सोन्याची, रुप्याची, काशाची पदके दिली.

वॅट यांनी या प्रदर्शनाची जाडजूड सूची छापली. तिचा गुण असा की पुष्कळ ठिकाणी तिच्यात कारागिराचे नाव सापडते. पण अनेक ठिकाणी पारितोषिक संस्थानाच्या, शाळेच्या किंवा पेढीच्या नावे आहे. आणखी एक गोष्ट आम्हाला जाणवली. युरोपीय काही नको, असा नियम होता खरा, पण हिंदी शैली आधुनिक घराला कशी शोभेल हे दाखवायला पंजाब, मुंबई, मद्रास आणि ब्रह्मदेश यांच्या नावाने चार खोल्या मांडल्या होत्या. म्हणजे नक्षी आपली आणि राहणी साहेबाची. आपल्या घरांत खरोखर वापरात असत ते पाट, चौरंग, झोपाळा, देव्हारा, पोळपाट. शंभर वेळा पुसलेल्या आणि शंभर पंगतींना पुरलेल्या सागवानी पाटाला पदक देण्याचा विचार कोणत्या परीक्षकाच्या मनात आला असेल?

या काळात आपल्या माणसांनी काही केलेच नाही, असे नव्हे. सयाजीराव गायकवाडांनी 1890 साली बडोद्यात कलाभवन उघडले आणि प्राध्यापक गज्जर यांच्या हाती दिले. तिथे इतर विद्यांबरोबर सुतारकामही शिकवले जाई. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1891 साली रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली, त्यांत लाकडाच्या कोरीव कामाचा वर्ग होता. 1890 च्या पुण्याच्या औद्योगिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे देशी उद्योग सावरण्याची तळमळ मांडत होते. आपल्या धारलाच पाहा. महाराजांच्या बोलावण्यावरून शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके इथे आले आणि इथलेच झाले. 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज धारमध्ये फडक्यांचे नाव सर्वांना माहीत आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच धारमध्ये वाड्यांचे खांब आणि महिरपी घडवणारा मात्र फक्त 'सुतार' राहिला. एकाला कलावंत म्हटले, दुसऱ्याला मजूर.

स्वातंत्र्यानंतर सरकारी पातळीवर ही चूक थोडी सुधारली. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि 1965 पासून उत्तम कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार दिले जाऊ लागले. हे पुरस्कार संस्थानाला किंवा पेढीला नव्हेत, तर घडवणाऱ्याला त्याच्या नावाने मिळतात. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सुतारही आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. आम्ही सरकारी माणसे, आयुष्यभर अर्ज पाहत आलो. या योजनेत अर्ज कारागीर स्वतःच्या नावाने करतो आणि त्याची पडताळणी ग्रामपंचायतीपासून होते, हे आम्हाला रकमेइतकेच मोलाचे वाटते.

परीक्षणाची तऱ्हाही बदलली आहे. 1950 साली स्पेनमध्ये सुरू झालेल्या आणि आता जगभर पसरलेल्या कौशल्य स्पर्धांमध्ये जोडकाम आणि फर्निचर यांचे वेगवेगळे विभाग असतात. स्पर्धकाला नकाशा, लाकूड आणि ठरावीक वेळ दिला जातो. परीक्षक सांध्याची मापे घेऊन गुण देतात. तिथे वरची नक्षी पाहून कोणी भुलत नाही.

हे वाचताना आम्हाला पदविकेच्या पहिल्या वर्षीची कार्यशाळा आठवली. प्रत्येकाने सागाच्या दोन तुकड्यांचा सांधा करायचा होता. एकाला कुसू काढायचे, दुसऱ्यात खाच. आम्ही वरून पॉलिशपेपर घासघासून तुकडा चकचकीत केला. निदेशकांनी तो हातात घेतला, चकाकीकडे पाहिलेही नाही, नुसता खिडकीसमोर धरला. फटीतून उजेड आला. ते एवढेच म्हणाले, "पुन्हा कर." चांगल्या लाकूडकामाची परीक्षा कशी करावी, हे आम्ही त्या दिवशी शिकलो आणि नंतर फाईलींच्या ढिगात विसरूनही गेलो.

काकूंच्या प्रश्नानंतर आम्ही घरचा देव्हारा उतरवून घेतला. आजोबांच्या काळातला, सागवानी, चार खांब आणि वर कळस. देव बाजूला काढून ठेवले आणि तो पालथा केला. एकही खिळा नाही. प्रत्येक सांध्याजवळ पटाशीने मारलेल्या बारीक रेघा : एक, दोन, तीन, चार. कोणते कुसू कोणत्या खाचेत जायचे, त्याच्या सुताराने स्वतःसाठी केलेल्या खुणा. खिडकीसमोर धरला, तर एवढ्या वर्षांनंतरही कुठून उजेड आला नाही. नाव मात्र कुठेच नव्हते.

मग देवासला आत्यांना फोन केला. वय ऐंशीच्या पुढे, पण आठवण लख्ख. त्या म्हणाल्या, "धरमपुरीकडचे सुतार होते. दोन महिने आपल्या ओसरीवर काम चाललं होतं. देव्हारा त्यांनीच केला आणि पंगतीचे पाटही." नाव विचारल्यावर त्या बराच वेळ थांबल्या. "नाव नाही रे आठवत. आम्ही मुलं त्यांना सुतारबाबा म्हणायचो." आणि मग आपणहून म्हणाल्या, "पाट त्यांनी केले, पण त्यांचं जेवण ओसरीवर, खाली बसूनच व्हायचं. त्यांना पाटावर बसा, असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही."

यावर आम्ही काय बोलणार? तीन पिढ्या आम्ही त्या देव्हाऱ्यासमोर रोज हात जोडतो. लंडनच्या आणि दिल्लीच्या परीक्षकांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांच्या सूचीत निदान काही कारागिरांची नावे आहेत, आमच्या घरात तेवढीही नोंद नाही.

म्हणून नियमावली आम्ही पुन्हा लिहिली आहे. अर्जातला पहिला रकाना घडवणाऱ्याचा, मालकाचा त्यानंतर. नाव माहीत नसेल तर गाव, टोपणनाव, जे आठवत असेल ते लिहावे. पाट, चौरंग, पोळपाट अशा रोजच्या वस्तूंचा गट वेगळा, म्हणजे कोरीव झोपाळ्यापुढे त्या फिक्या पडणार नाहीत. परीक्षकांनी वस्तू मागून आणि खालून पाहावी, सांधा उजेडासमोर धरावा. परीक्षकांत एक तरी जण आज सुतारकाम करणारा असावा. आणि ज्या कारागिराच्या घरच्यांचा शोध लागेल, त्यांना त्या दिवशी आरतीला बोलवावे व नंतर पंगतीत आपल्याबरोबर पाटावर बसवावे.

सभासदांना एक विनंती. जुने वाडे उतरत आहेत आणि फर्निचर भंगारात वजनावर जात आहे. वस्तू ठेवणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना हा एक प्रश्न यंदाच, गौरी-गणपतीत सगळे जमलेले असताना, विचारून घ्या. उत्तर वस्तूच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. आमच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायची पाटी आम्ही तयार केली आहे. तिच्या पहिल्या ओळीत लिहिले आहे : कारागीर, धरमपुरीकडील सुतारबाबा. नाव विचारायचे राहून गेले.