वर्ट गाळायचा तो कशासाठी?

घरी बिअर करणारा आज मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवतो, सुटलेला गोड रस गाळून घेतो, हॉप्सची फुले घालून उकळतो, पुन्हा गाळतो आणि निवल्यावर त्यात यीस्ट सोडतो. या रसाला वर्ट म्हणतात. आंबवण्याआधी इतके गाळणे कशासाठी, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते: बिअर नितळ व्हावी म्हणून. इतिहास या उत्तराच्या बाजूने उभा राहत नाही. गाळणी आली ती उताऱ्यासाठी. साखर कारखाना उसाच्या टनामागे साखर किती उतरली हे पाहतो, तसाच धान्यातून गोडी किती सुटली हा बिअर करणाऱ्यांचा जुना हिशेब आहे आणि गाळणी हे त्या हिशेबाचे हत्यार.

प्राचीन इजिप्तचा पुरावा याच दिशेने जातो. डेल्वेन सॅम्युएल यांनी जुन्या भांड्यांत चिकटून राहिलेला बिअरचा साका सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि 1996 मध्ये निष्कर्ष मांडले. शिजवलेले आणि न शिजवलेले मोडाचे धान्य पाण्यात कालवायचे, फोलपटे गाळून बाजूला काढायची आणि साखर-पिठाचे पाणी आंबवायचे, अशी रीत त्यांना दिसली. मागे राही ते पाणी दाट आणि पिठूळच असणार. गाळणाऱ्याला नितळपणा हवा होता असे यावरून म्हणता येत नाही. चोथ्यातले सत्त्व पाण्यात यावे, एवढेच त्याला हवे होते.

त्याहून बोलका पुरावा फिनलंडच्या खेड्यांत आजही वापरात आहे. तिथली साहती ही घरगुती बिअर ‘कुऊर्ना’ नावाच्या लाकडी डोणीतून गाळतात. ओंडका कोरून केलेली ही लांबट डोणी. तळाशी जुनिपरच्या फांद्या, कित्येकदा पेंढाही, त्यावर भिजलेले धान्य, आणि एका टोकाच्या भोकातून झिरपत येणारा रस. एवढी व्यवस्था का लागते? साहतीत जवाबरोबर राय हे धान्यही असते. मळणीत रायचे टरफल सुटून जाते आणि पाण्यात त्याची चिकट खळ होते. जवाचे तूस मात्र दाण्याला धरून राहते, भांड्याच्या तळाशी त्याचा सैल थर बसतो आणि रस त्यातून आपोआप निथळतो. जव आपली गाळणी अंगावरच घेऊन येतो म्हणायचे. बिअरचे मुख्य धान्य म्हणून जव टिकला त्याला इतरही कारणे आहेत; त्याच्या मोडात पिठाची साखर करणारी द्रव्ये भरपूर असतात आणि गहू भाकरीला हवा असतो. पण तुसाचे कारण त्यांत कमी तोलाचे नाही. गहू किंवा राय जास्त घेतला की आजचा घरगुती कारागीरही वरून भाताचे तूस मिसळतो. आणि इतके सोपस्कार करून गाळलेली साहती असते कशी? गढूळच. बरेचदा तिचा रस उकळतही नाहीत.

इंग्लंडमध्ये हाच हिशेब पुढे कागदावर आला. तिथे एकाच धान्यावर दोन-तीनदा पाणी घालून आधी कडक आणि मग फिकी बिअर काढण्याची रीत होती. जॉन रिचर्डसन याने 1784 मध्ये रसाची घनता मोजून कोणते धान्य किती उतारा देते हे दाखवले. भिजल्या धान्यावर गरम पाण्याचा शिडकावा करत उरलीसुरली गोडी धुऊन घेण्याची स्कॉटिश पद्धत एकोणिसाव्या शतकात पसरली. शेवटी 1880 मध्ये ग्लॅडस्टनच्या सरकारने माल्टवरचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यावरचा, कर काढला आणि आंबण्यापूर्वीच्या वर्टची घनता मोजून कर बसवला. सरकारलाही समजले होते की पैसा गाळलेल्या रसात आहे.

यावर कोणी म्हणेल, मग पिल्झनची सोनेरी, आरपार दिसणारी बिअर कुठून आली? ती 1842 ची. तिचा नितळपणा मुख्यतः थंड तळघरात महिनोन्‌महिने ठेवून गाळ बसू देण्यातून आला. जर्मनीत एन्झिंगरने बिअरचा फिल्टर आणला तो 1878 मध्ये. दोन्ही गोष्टी आंबवण्यानंतरच्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उतारा एवढा मोलाचा, तर काही समाज आंबवण्याआधी गाळतच नाहीत ते का? सुमेरमध्ये मुद्रांवर लोक घागरीत नळ्या घालून पिताना दिसतात. पूर्व नेपाळ आणि सिक्कीममध्ये तोंगबा पितात. ती आपल्या कोकणात पिकते त्याच नाचणीची. दाणे आंबवून भांड्यात भरतात, वर गरम पाणी ओततात आणि बुडाशी बारीक फटी असलेल्या नळीने ओढतात. पाणी संपले की पुन्हा ओततात. म्हणजे उतारा इथेही काढतातच, फक्त पिताना आणि हप्त्याहप्त्याने. नाचणीच्या बारीक, बिनतुसाच्या दाण्याचा निथळणारा थर बसणे अवघड. तेव्हा गाळणी नळीत गेली यात नवल नाही.

घरगुती बिअरवाल्याकडे गाळणी वारशाने आली, हिशेब मात्र मागे राहिला. ब्रिटनमध्ये घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागणे 1963 मध्ये थांबले, अमेरिकेत केंद्रीय कायद्याने 1979 पासून मुभा मिळाली, आणि ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी सगळे धान्य कापडी पिशवीत घालून भिजवायची युक्ती रूढ केली. पिशवी उचलली की गाळणे संपले. उतारा थोडा घटला तर ते मूठभर धान्य जास्त घेतात. हॉप्स उकळल्यानंतरचा बारीक गाळ मात्र अनेकजण अजूनही फडक्यातून दोन-दोनदा गाळत बसतात. थोड्या गाळाने यीस्टचे बिघडत नाही. उलट त्यातली स्निग्ध द्रव्ये आणि जस्त त्याच्या वाढीला लागतात. फुले आणि जाड चोथा काढला की पुरे, दुसरे फडके लावण्याचे कारण नाही.